चोरखिसा

सोनारीचा देव पोलीस खात्यातला आहे. काळभैरव म्हणजे काशीचा कोतवाल. विश्वनाथाच्या दर्शनाला निघालेल्यानेही त्याच्याकडे हजेरी लावावी असा तिकडचा रिवाज. आमच्याकडे परांडा तालुक्यात तो जोगेश्वरीसह भैरवनाथ म्हणून वस्तीला आला, पण खातं काही बदललं नाही. अशा गावात जन्मलेल्या माणसाने जगातल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं, तर त्यात माणसाचा दोष किती आणि देवाचा किती, हे ठरवणं अवघड. आमचे आप्पा सगळा दोष आनंदाने स्वतःकडे घेतात.

आप्पा माझे चुलते. एसटीच्या परांडा आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर गर्दीत उभं राहून तिकिटं फाडली, चिल्लर मोजली आणि हे करताना डोळ्याच्या कोपऱ्यातून खिसेकापू हेरले. बार्शीच्या स्टँडवर कोण प्रवासी आणि कोण 'धंदेवाला' हे त्यांना पायांवरून कळायचं. "खिसेकापूची चप्पल कधी तुटलेली नसती," ते सांगतात, "पळायचं असतंय त्याला." मग आपल्या पायातल्या अंगठा तुटलेल्या चपलेकडे अभिमानाने पाहतात.

निवृत्तीनंतर त्यांनी मंदिराच्या वाटेवर बसून विनावेतन काम सुरू केलं. काम एकच: भाविकांना माकडांपासून सावध करणं. सोनारीची माकडं पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. देवाची म्हणून त्यांना कोणी दुखवत नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या उपळा गावात 32 एकर जमीन माकडांच्या नावावर आहे म्हणतात. आमची माकडं मात्र भूमिहीन. त्यांनी पोट भरायचं कशावर? तर नारळ, पेढे, फुटाणे आणि बेसावध माणसं यांच्यावर.

आप्पांचं निरीक्षण असं की माकड समोरून कधी येत नाही. समोर जे बसलेलं असतं ते नुसतं अंग खाजवत बसतं. ते दाखवायचं माकड. तुम्ही त्याच्याकडे बघून हसता, फोन काढता, पोराला म्हणता, "बघ रे बाळा." तेवढ्यात पत्र्यावरून दुसरं उतरतं आणि पिशवी जाते. चष्मा पळवणारं तर त्याहून हुशार. त्याला चष्मा नकोच असतो. झाडावर बसून ते वाट बघतं, खालून केळं आलं की चष्मा सोडतं. "ही खंडणी हाय," आप्पा म्हणतात, "आन माल परत मिळतो म्हणून माणसं हसत देत्यात."

कोणी या गोष्टीला हसलं तर ते परांड्याच्या किल्ल्याकडे बोट दाखवतात. मुलूख-ए-मैदान तोफ एकेकाळी त्या किल्ल्यात होती. 1632 मध्ये ती विजापूरला नेली. "पंचावन्न टनांची तोफ नेली लोकांनी. आन तू पाकीट मागच्या खिशात ठेवतोस?" यावर आजवर कोणाला उत्तर सुचलेलं नाही.

असा हा माणूस पॅरिसला निघाला.

लेक-जावई तिकडे नोकरीला. त्यांनी आप्पा-काकूंची तिकिटं काढली, आणि मला इंग्रजी येतं म्हणून माझंही काढलं. पॅरिसमध्ये माझ्या इंग्रजीला कोणी विचारलं नाही, ती गोष्ट वेगळी. आप्पांनी पहिल्यांदा शिंपी गाठला. जुन्या लोकांच्या बंडीला आतून चोरखिसा असायचा, तसा त्यांनी प्रत्येक कपड्याला लावून घेतला. सदऱ्याला आतून एक, बनियनला एक, पँटच्या कमरेत एक. शिंप्याने विचारलं, "आप्पा, रुमालाला पण लावू का?" आप्पांनी विचार करायला वेळ घेतला.

पासपोर्टची पिशवी त्यांनी चांदीच्या करदोड्याला बांधली. मुंबई विमानतळावरच्या तपासणीत ते यंत्र आप्पांच्या कमरेशी आलं की किंचाळायचं. जवानाने अदबीने सांगितलं, "काका, कमरेचं काढा." आप्पा म्हणाले, "लग्नात काढला न्हाई." शेवटी पडद्याआड जाऊन प्रकरण मिटलं, पण करदोडा कमरेवरच राहिला. पासपोर्टच्या झेरॉक्स प्रती त्यांनी निवडणुकीच्या पत्रकांसारख्या वाटल्या. एक काकूंच्या बटव्यात, एक काळ्या मसाल्याच्या डब्याखाली, एक माझ्याकडे, एक फोटो काढून जावयांच्या व्हॉट्सॲपवर आणि एक चक्क भैरवनाथाच्या पुजाऱ्यांकडे. हसू येतं, पण यातली एकही गोष्ट चुकीची नव्हती. मूळ कागद एकीकडे आणि प्रत दुसरीकडे, हे परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने करायला हवं. पुजाऱ्यांची प्रत सोडली तर.

पॅरिसला उतरल्यावर लेकीने विचारलं, "आप्पा, आधी आयफेल टॉवर बघायचा की नदी?"

"आधी आपलं ठाणं दाखव."

म्हणजे भारताचा दूतावास. तो तिथल्या सोळाव्या विभागात आहे. आप्पांनी बाहेरून इमारत बघितली, तिरंग्याला हात जोडले आणि जावयांकडून माहिती घेतली. पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार नोंदवायची, तिची प्रत घेऊन इथे यायचं, मग वेळ नसेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं आणि त्यावर भारतात परत जाता येतं. "म्हणजे परतीचं तिकीट फाडून देत्यात, पुढचा प्रवास बंद," आप्पांनी सारांश काढला. संकटात कुठूनही 112 फिरवायचा हे कळल्यावर ते खूश झाले, कारण तोच नंबर आपल्याकडेही आहे. "सगळ्या जगात ही एक गोष्ट शहाण्यासारखी केली," असं प्रशस्तिपत्र त्यांनी युरोपला दिलं.

तिथून पुढे मात्र आप्पांच्या सावधपणाचं एक गुपित उघडं पडायला लागलं. पॅरिसमध्ये जागोजागी 'खिसेकापूंपासून सावध' अशा पाट्या आहेत, मेट्रोत तर वेगवेगळ्या भाषांत घोषणा होते. पाटी दिसली की आप्पा आधी छातीवर हात ठेवायचे, मग कमरेवर, मग पोटावर. देवळापुढून जाताना माणूस नमस्कार करतो तसं. जावई शेवटी हळूच म्हणाले, "आप्पा, चोर त्या पाटीजवळच उभे राहतात. पाटी वाचून लोक कुठे हात लावतात ते बघायला." आप्पांचा हात हवेतच थांबला. त्यांच्या तोंडावर चीड नव्हती, आदर होता. "हे आमच्या माकडांना अजून सुचलं न्हाई," ते म्हणाले, आणि तिथून पुढे मुद्दाम नुसता गुडघा चाचपू लागले.

आयफेल टॉवरचं तिकीट काढायला पैसे काढायचे होते. चोरखिशाचा दोष असा की तो चोराइतकाच मालकालाही लांब ठेवतो. आप्पांनी सदऱ्याची बटणं सोडली, बनियनमध्ये हात घातला, तो हात आतल्या आत वळवला आणि अडकला. मागे रांग. काकूंनी पदर तोंडाला लावून पाठ फिरवली, "मी ह्यांच्याबरोबर न्हाई." लेकीने कार्डावर पैसे भरले. आप्पांचा हात निघाला तेव्हा आम्ही पहिल्या मजल्यावर होतो.

तिथे जावयांनी सांगितलं की मे 2015 मध्ये टॉवरच्या कर्मचाऱ्यांनी खिसेकापूंच्या टोळ्यांना आणि त्यांच्या दमदाटीला वैतागून काम बंद केलं होतं, टॉवर त्या दिवशी कित्येक तास बंद होता. त्याआधी एप्रिल 2013 मध्ये लूव्र संग्रहालयातही तेच झालं. आप्पा कठड्याला टेकले. एसटीचे संप त्यांनी बघितले होते, केलेही होते. "आम्ही पगारासाठी केले," ते म्हणाले, "हे लोक परक्या माणसाच्या पाकिटासाठी संप करत्यात. मोठी माणसं." मग खाली पॅरिस पसरलेलं असताना ते बराच वेळ लिफ्टमनकडे प्रेमाने बघत राहिले.

काकूंचा स्वभाव आप्पांच्या अगदी उलटा. त्यांचा कोणावर संशय नाही आणि कोणाला पैसे द्यायची इच्छाही नाही. मोंमार्त्रच्या टेकडीवर, साक्रे-केर चर्चच्या पायऱ्यांखाली, रंगीत दोरे घेतलेली माणसं उभी असतात. गोड बोलत तुमचं बोट धरतात, मनगटावर दोरा विणून गाठ मारतात आणि मग दहा-वीस युरो मागतात. गाठ सुटत नाही, माणूस हलू देत नाही. आप्पांनी दोन्ही हात काखेत घातले आणि आम्हाला ओरडून सांगितलं, "हात वर करू नका!" तोवर काकूंचा हात पुढे गेलेला.

काकू तीर्थक्षेत्रातल्या. गंडा बांधून दक्षिणा मागणारे त्यांनी जन्मभर बघितलेले. त्यांनी शांतपणे गाठ मारून घेतली, दोरा कपाळाला लावला, त्या उंच माणसाच्या डोक्यावर हात ठेवून "औक्षवंत हो" म्हणाल्या आणि बटव्यातून रुपयाचं नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने नाणं उलटंपालटं केलं. "युरो, मदाम, युरो." काकू म्हणाल्या, "दक्षिणा ऐच्छिक असती बाळा," आणि पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून दिली. तो माणूस हसला. खरंच हसला, आणि वाटेतून बाजूला झाला. आप्पांना हा प्रकार मुळीच आवडला नाही. "असं कुठल्याच नियमात बसत न्हाई," ते दिवसभर पुटपुटत होते. बरोबरच होतं. तुम्ही-आम्ही तिथे हात खिशात ठेवून, मान हलवून, न थांबता पुढे जावं हेच उत्तम. काकूंची पद्धत काकूंनाच जमते.

पुढे सह्या मागणाऱ्या मुली भेटल्या. फळीवर कागद, वर मुक्याबहिऱ्यांसाठी मदत असं काहीतरी लिहिलेलं. एक सही मागते, दुसरी फळीच्या खालून काम करते. आप्पांनी लांबूनच ओळखलं. "समोरची दाखवायची. दुसरी बघा कुठं हाय, पत्र्यावर." पत्रा नव्हता, पण दुसरी होती. मग रस्त्यात सोन्याची अंगठी 'सापडलेला' एक जण आला. तुमची का म्हणून विचारायचं, मग घ्या म्हणायचं, मग चहापाण्याला पैसे मागायचे. त्याला बघून आप्पांना तर गावी आल्यासारखं वाटलं. आपल्याकडे बँकेतून निघालेल्या म्हाताऱ्याला 'तुमच्या नोटा खाली पडल्या' म्हणतात, अंगावर घाण टाकून पुसायच्या निमित्ताने पिशवी नेतात, आणि 'पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा' असं सांगणारे तोतये पोलीस तर वर्तमानपत्रात रोज असतात. पोलीस असल्याची बतावणी करून, हे शब्द आप्पांना तोंडपाठ. पॅरिसलाही पाकीट तपासायला मागणारे असले तोतये असतात, हे जावयांनी सांगायला नको होतं.

कारण दुसऱ्याच दिवशी खरे पोलीस आले. आप्पा एका बागेच्या कोपऱ्यात उभे राहून करदोड्याशी झटत होते. संशय यावा असंच ते दृश्य होतं. दोन गणवेशधारी जवळ आले आणि नम्रपणे ओळखीचा कागद मागितला. आप्पांनी त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. बुटांपाशी नजर थांबली. बूट नवे होते, पळण्यासारखे. "आधी तुमचं ओळखपत्र," आप्पा मराठीत म्हणाले. ते काही बोलले. आप्पांनी तेच वाक्य जरा मोठ्याने म्हटलं, परदेशी माणसाला मराठी मोठ्याने बोललं की कळतं या विश्वासाने. आम्ही धावत पोचलो. जावयांनी फ्रेंचमध्ये सगळी कहाणी सांगितली, झेरॉक्स दाखवली, करदोडा म्हणजे काय हे सांगताना त्यांचा भाषेचा सगळा अभ्यास संपला. पोलीस हसून गेले. आप्पा म्हणाले, "नोटा मोजायला मागितल्या न्हाईत, म्हणजे खरे असतील." ही खूण मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

लूव्रमध्ये मोनालिसाच्या दालनात तोबा गर्दी. सगळ्यांनी हात वर करून फोन धरलेले, पिशव्या मोकळ्या. आप्पांनी चित्राकडे पाठ केली आणि गर्दीकडे तोंड करून उभे राहिले. जन्मभराची सवय, कंडक्टर ड्रायव्हरकडे बघत नाही, प्रवाशांकडे बघतो. मोनालिसा त्यांनी पाहिली नाही, मोनालिसाला बघणारे पाहिले. हेच चित्र 1911 मध्ये संग्रहालयात काम केलेल्या एका इटालियन कामगाराने भिंतीवरून काढून झग्याखाली लपवून नेलं असं सांगतात, आणि ते दोन वर्षांनी फ्लॉरेन्सला सापडलं. हे ऐकून आप्पांचा चेहरा उजळला. "म्हणजे झग्याला आतनं चोरखिसा असणार."

पण आप्पांचा खरा पराक्रम मेट्रोच्या एक नंबरच्या लाइनवर झाला. ही सगळी प्रेक्षणीय स्थळं जोडणारी लाइन, म्हणून पर्यटक इथेच आणि त्यांच्या मागावरचेही इथेच. 2012 पासून तिच्या गाड्या आपोआप चालतात. आप्पांनी पुढे जाऊन काचेतून बघितलं आणि परत आले. "ड्रायव्हर न्हाई?"

"नाही."

"कंडक्टर?"

"नाही."

"मग खिसेकापू येणार न्हाई तर काय कीर्तनकार येणार?"

पुढच्या स्टेशनवर तीन मुली चढल्या. नीटनेटक्या, हातात नकाशा, पर्यटकांसारख्याच. त्या दारातच थांबल्या. दार हीच त्यांच्या कामाची जागा असते. घंटा वाजते, दार लागायला येतं, हात मारून उतरायचं, गाडी तुमच्यासकट पुढे जाते. आप्पांनी आधी पाय बघितले. मग नकाशा, जो उलटा धरलेला होता. एकीने नकाशा एका परदेशी आजीबाईंच्या पर्सवर पसरला, आणि घंटा वाजायच्या आत आप्पांच्या छातीतून एसटीचा तो आवाज निघाला, "दारात थांबू नका! आत सरका, आत सरका! ए पोरी, हात!"

अख्खा डबा आत सरकला. मराठीचा एक शब्द न कळणारी फ्रेंच माणसं, एक पाद्री, एक कुत्रं घेतलेली बाई, सगळे आपोआप आत गेले. त्या पोरीचा हात नकाशाखालून रिकामा बाहेर आला. तिने आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिघी उतरून गेल्या. त्या नजरेत राग नव्हता, एका खात्यातल्या माणसांनी दुसऱ्या खात्यातल्या माणसाला ओळखावं असं काहीतरी होतं. आजीबाईंना काय घडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी उलट ओरडणाऱ्या आप्पांपासून आपली पर्स जवळ ओढून घेतली.

पुढे तिकीट तपासनीस आले. इथे उतरेपर्यंत तिकीट किंवा कार्ड जवळ ठेवावं लागतं, नसेल तर जागेवर दंड. परदेशात चेकर भेटल्याचा आनंद झालेला मी पाहिलेला हा एकच प्रवासी. आप्पांनी त्याला नमस्कार केला, स्वतःच्या छातीवर बोट ठेवून "परांडा आगार" म्हणाले आणि कार्ड काढायला बनियनमध्ये हात घातला. चेकर तीन स्टेशनं थांबला. चांगला माणूस होता.

एवढं सगळं करून आप्पांना पॅरिसमध्ये खरा धोका आला तो चोरांचा नव्हे, सायकलचा. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात. आपण सवयीने रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघतो आणि तिथे वाहन येतं डावीकडून. आप्पा कमरेवर हात ठेवून, मागे कोण आहे याचा अंदाज घेत, उजवीकडे बघत पाऊल टाकत होते. डावीकडून सायकलवाला भन्नाट आला. काकूंनी सदऱ्याची कॉलर धरून मागे ओढलं. चोरखिसा टरकन उसवला आणि पॅरिसच्या फुटपाथवर नोटा, नाणी, अंगाऱ्याची पुडी आणि परांडा-बार्शीचं एक जुनं तिकीट पसरलं. आजूबाजूच्या लोकांनी वाकून सगळं गोळा करून दिलं. आप्पांनी मोजलं. पुन्हा मोजलं. एक सेंटही कमी नव्हता. पॅरिसबद्दलचा त्यांचा अंदाज त्या दिवशी थोडा ढासळला आणि ते जेवताना गप्प होते.

परत आल्यावर मंदिराच्या वाटेवर ते पॅरिसचं वर्णन सांगायचे, त्यात टॉवर पाच मिनिटांत संपायचा आणि मेट्रोचं दार अर्धा तास चालायचं. मग 19 ऑक्टोबर 2025 ला बातमी आली. लूव्रमध्ये सकाळी, संग्रहालय उघडं असताना, चोरांनी ट्रकवरची शिडी लावून खिडकीतून शिरून राजघराण्याचे दागिने काही मिनिटांत नेले. आप्पांनी वर्तमानपत्र पारावर पसरलं. "शिडी लावली," ते प्रत्येक येणाऱ्याला दाखवत होते, "म्हणजे पत्र्यावरनंच आले की!"

आता पुढे लंडन आहे. काकूंचा भाचा तिथे असतो. त्याने फोनवर सांगितलं की इथे सायकल-मोपेडवरून येऊन हातातले फोन हिसकावतात, रस्त्यात फोन काढायचा तर भिंतीला पाठ लावून काढा. आप्पांनी लगेच फोनला भोक पाडून दोरी ओवायची तयारी केली. दोरी बैलाच्या वेसणीची होती. काकूंनी ती काढून घेतली आणि निकाल दिला, "तुम्ही हितंच राहा. माकडांना तुमची गरज हाय."

भाच्याने तूर्त एकच तिकीट काढलं आहे, काकूंच्या नावाचं.